मधे कुणी आलं तर

पेशकारांना बसलेलं मी दोनदाच पाहिलं. एकदा न्हाव्यापुढे. तेही अर्धी दाढी झाल्यावर उठले, गालावरचा साबण तसाच ठेवून रस्त्यापलीकडच्या माणसाला काहीतरी विचारून आले, आणि मग उरलेली अर्धी करून घेतली. दुसऱ्यांदा कुठे बसले ते पुढे येईलच. एरवी हा माणूस उभा. लिहायचं ते उभ्यानं, तहसिलातल्या खिडकीच्या रुंद कट्ट्यावर कागद ठेवून. डबा खायचा तो फेऱ्या मारत. त्यांच्या खुर्चीवर पावसाळ्यात इतरांच्या छत्र्या वाळत, उन्हाळ्यात पाण्याचा माठ असे. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्याबरोबर व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, आणि तिकडे पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालेलं असायचं.

पेशकार म्हणजे निजामाच्या अमदानीत साहेबापुढे कागद मांडणारा माणूस. राज्य गेलं, साहेब बदलले, पण आमच्या तालुक्याच्या तहसिलात हे राहिले आणि हाक मारायला पेशकार हा शब्दही राहिला. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी रुमी टोपी पेटीत ठेवून पांढरी टोपी घातली. ती त्यांना कधी बसलीच नाही, सारखी उजव्या कानावर यायची. शेरवानी मात्र जुनीच होती. तिला त्यांनी बायकोकडून आतून-बाहेरून सात खिसे शिवून घेतले होते, आणि सातही खिशांत चिठ्ठ्या असत.

मी तेव्हा कन्याशाळेत मास्तरीण होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. पहिल्या निवडणुकीची यादी करायचं काम सुरू होतं. एकदा कारकून गावोगाव जाऊन नावं लिहून आले होते, पण त्या याद्यांत निम्म्या बायका नावाशिवाय होत्या. अमक्याची बायको, तमक्याची आई, फलाण्याची सून. परक्या पुरुषाला आपलं नाव सांगायची रीत नव्हती आणि कारकुनांनीही फार विचारलं नसेल. मग वरून हुकूम आला की जिचं स्वतःचं नाव नाही तिला यादीतून काढा. दुरुस्तीला थोडे दिवस मिळाले. बायकांशी बोलायला बाईच हवी म्हणून मुख्याध्यापकांनी मला तहसिलात पाठवलं.

पेशकारांनी मला बसा म्हटलं नाही. चालता चालता विचारलं, "नाव?"

मी सांगितलं.

"हे आईकडचं का सासरचं?"

"सासरचं."

"आईकडं काय म्हणत होते?"

तेही सांगितलं.

"मागून कुणी हाक मारली तर कोणत्या नावाला वळता?"

घरी एक म्हातारी सासू, ती "अगं" म्हणायची. बाकी सगळ्या गावाला मी बाई. मी तसं सांगितलं तर ते थांबले. त्यांचं थांबणं म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

"ते चालायचं न्हाई," ते म्हणाले. "घरी जाऊन विचार करा. उद्या सांगा."

त्या रात्री मला झोप लागली नाही, रागानंच म्हणा. कोण कुठला माणूस, त्याला काय करायचंय? सकाळी जाऊन मी आईकडचं नाव सांगितलं. त्यांनी ते एका चिठ्ठीवर लिहून चौथ्या खिशात टाकलं आणि लगेच कामाचं बोलायला लागले, जणू काल काही झालंच नव्हतं. पुढे गावोगाव मी हाच प्रश्न विचारत गेले. लग्नात बदललेलं नाव, माहेरचं नाव, लाडाचं नाव, या तिन्हींतलं कोणतं लिहायचं अशी बाई घुटमळली की मी विचारायची, मागून हाक मारली तर कशाला वळता? त्या हसायच्या, आणि हसता हसता नाव सांगून टाकायच्या.

त्यांच्या चिठ्ठ्यांचं आता सांगते, कारण तहसिलात सगळा झगडा त्यावरूनच होता.

यादी कशात लिहायची, एवढाच प्रश्न. बाकी सगळ्यांचं मत, वहीत. बांधीव, जाड पुठ्ठ्याची, पानांना आकडे घातलेली वही. पेशकार म्हणायचे, "मी बी पहिल्यांदा वहीच केली होती, बाई. घर एक, घर दोन, घर तीन. सगळं खूबसूरत. आणि मग तिसऱ्या घरची म्हातारी निघाली. वर माळवदावर झोपलेली होती, कुणी सांगितलीच न्हाई. आता तिला कुठं घालू?"

मग दुसऱ्या वहीत त्यांनी एक ओळ सोडून एक लिहिलं. तर काही घरांत पाच माणसं वाढली आणि काही घरांत एकही नाही. रिकाम्या ओळी नको तिथे रिकाम्या, हव्या तिथे भरलेल्या. मग कडेला पट्ट्या चिकटवल्या. वही फुगून मिटेना, आणि खळीच्या वासानं झुरळं आली. मग एका लाकडी पेटीला अक्षरवार खण पाडले. अ-चा खण, ब-चा खण. नाव चटकन सापडायचं, पण गल्ली हरवायची. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन जावा पेटीच्या दोन टोकांना. "गावात फिरून बघायचं झालं तर ह्या पेटीला धरून फिरता येत न्हाई," ते म्हणायचे.

शेवटी चिठ्ठ्या. निजामाच्या वेळचे उर्दू फॉर्म गठ्ठ्यागठ्ठ्यानं पडून होते, आता त्यांचा कुणाला उपयोग नव्हता. त्यांची कोरी बाजू वर करून, दोऱ्यानं कापून त्यांनी सारख्या मापाच्या चिठ्ठ्या केल्या. एका माणसाला एक चिठ्ठी. मधोमध दाभणानं भोक, आणि एका गल्लीच्या चिठ्ठ्या एका सुतळीत ओवलेल्या. कुणी नवीन निघालं की गाठ सोडायची, जागेवर चिठ्ठी घालायची, गाठ मारायची. मेलं कुणी, तर काढून घ्यायची. बाकीच्यांना हात लावायचा नाही. सगळं गाव पूर्ण झालं, की मग एकदाच, शेवटी, पहिल्यापासून शेवटपर्यंत कोऱ्या कागदावर उतरवायचं.

"एकदाच," ते बोट दाखवत. "दोनदा न्हाई."

याच्या उलट गिरदावर. पाच-सहा गावांवर देखरेख करणारे अंमलदार. गोरेपान, शांत, खुर्चीत छान बसणारे. त्यांची वही पाहावी अशी. त्यांच्याकडे एक नाव वाढलं की हाताखालच्या कारकुनानं ते सबंध पान पहिल्यापासून नव्यानं लिहायचं, आणि पान भरलं की पुढचंही. कारकून बिचारा मनगटाला तेल चोळत बसायचा. काही दिवसांनी त्यानं नवीन नावं सांगायचंच बंद केलं. ते मला फार नंतर कळलं.

पेशकारांचा एकच प्रश्न सगळीकडे असायचा. मधे कुणी आलं तर? मोटारीत बाकावर बसायची वेळ आली तर ते उभे राहायचे आणि म्हणायचे, मधे कुणी आलं तर? पंगतीत वाढताना दोन पानांमध्ये हातभर जागा ठेवायला लावायचे. साहेबांपुढे बोलतानाही दोन वाक्यांमध्ये इतके थांबायचे की साहेब कंटाळून तिसरंच काही विचारायचे.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. चुडाव्याला दिलेल्या मुलीला अंगणात कार्ड लिहिणं चाललं होतं. कार्ड अजून कोरं, आणि दहा-बारा चिठ्ठ्या जमिनीवर मांडलेल्या. एकीवर 'तुझ्या आईचा गुडघा', एकीवर 'म्हैस व्याली', एकीवर 'जावईबापूंना सांगणे'. पेशकार त्यांच्याभोवती फिरत होते, म्हैस उचलून गुडघ्याच्या आधी ठेवत होते, परत मागे नेत होते. एक कोंबडी जावईबापूंवरून चालत गेली.

त्यांच्या बायकोनं मला चहा दिला आणि म्हणाली, "बघा. सकाळधरनं हेच. मी म्हणते, म्हैस व्याली म्हणून आधी लिवा, लेकीला आनंद होईल. तर म्हणतात, आनंदानंतर गुडघा आला तर तिला जास्त लागेल."

"मग काय ठरलं?" मी विचारलं.

"काय ठरतंय? कार्ड जाईपर्यंत म्हशीचं रेडकू चरायला लागंल."

हसायला आलं, पण परत येताना मी मनातल्या मनात तेच करत होते. आधी गुडघा, मग म्हैस. का आधी म्हैस. या माणसाच्या संगतीत आपल्यालाही कुठे बसवत नसे. काम झालं असं वाटतच नसे. कुठेतरी कुणीतरी माळवदावर झोपलेलं राहिलंय असं वाटत राही.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत त्यांनी मला एक गोष्ट करायला लावली होती, तिचा मला भयंकर वैताग यायचा. प्रत्येक चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात आधीच्या घराचा आकडा, डाव्या कोपऱ्यात पुढच्या घराचा. मधे माणसाचं नाव, वय, आणि आपलं घर. घरांना आधीच कोतवालानं गेरूनं आकडे घातलेले होते. मी म्हटलं, "सुतळीत ओवलेल्याच आहेत की. मागं कोण, पुढं कोण, दिसतंच आहे. उगाच दुप्पट लिहायचं."

"बाई, सुतळी ही सुतळी हाय," ते म्हणाले. "शेजारी माहीत पाहिजे."

फाल्गुनाचे दिवस होते. दुरुस्तीची मुदत संपायला दोन दिवस राहिले आणि आमचं एकच गाव उरलं होतं. मानवतच्या रस्त्यावरच्या फाट्यापासून दीड कोस आत. सकाळी लवकर जाऊन आम्ही ते गाव केलं. पेशकार दारोदार गेले, कोण मेलं, कोण वाढलं, हे पुरुषांना विचारत. मी विहिरीवर गेले, कारण त्या वेळी बायका तिथेच होत्या. त्या घराचा आकडा सांगायच्या, मग नाव, मग वय अंदाजानं. एकीचं ऐकून दुसरी पुढे यायची. घागरी भरत होत्या, पोरं रडत होती, आणि मी विहिरीच्या काठावर उकिडवी बसून लिहीत होते. चाळीसेक चिठ्ठ्या झाल्या. दुपारी आम्ही सगळं, गाव लहान म्हणून एकाच सुतळीत, ओवलं आणि फाट्यावर आलो.

मोटार आली. आत गिरदावर बसलेले, मांडीवर त्यांची वही. पेशकार माझ्यामागून चढायला गेले आणि सुतळी दाराच्या खिळ्यात अडकली. त्यांनी ओढली. जुनी सुतळी, ती तुटली. आणि त्याच वेळी शेतातून वावटळ उठून रस्त्यावर आली.

सगळं गाव उडालं. मला दुसरा शब्द सुचत नाही. घर, गल्ली, सासवा, सुना, सगळं हवेत. मानवतच्या बाजाराला चाललेल्या कापसाच्या गाड्या रस्त्यानं जात होत्या, त्यांतला सुटा कापूस आणि आमच्या चिठ्ठ्या एकत्र फिरत होत्या आणि कोणतं काय ते कळत नव्हतं. मी खाली उडी मारली. पेशकार बाभळीच्या मागे धावत होते, टोपी कधीच गेली होती.

मोटारीच्या खिडकीतून गिरदावर म्हणाले, "पेशकारसाब, म्हणून वही बांधत्यात." ते वाईट हेतूनं म्हणाले नसावेत. मोटार मात्र थांबली नाही.

गाडीवाल्यांनी बैल सोडले. "काय हुडकायलाव?" एकानं विचारलं. मी म्हटलं, "माणसं." त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण तो आणि त्याचे सोबती तासभर आमच्याबरोबर काटेरी कुंपणं आणि पऱ्हाट्यांची रानं धुंडाळत होते. कापसाच्या बोंडात अडकलेली, बैलाच्या शिंगाशी चिकटलेली, नालीत भिजलेली, एकेक चिठ्ठी ते आणून देत होते. वाचता कुणालाच येत नव्हतं, तरी जपून धरत होते.

पेशकारांनी गाडीच्या सावलीत धोतराचा सोगा पसरला आणि लावायला लागले. ओणवे, एक हात गुडघ्यावर. आता मला त्या कोपऱ्यांतल्या आकड्यांचा अर्थ कळला. कोणतीही चिठ्ठी उचला, ती स्वतःच सांगायची माझ्या मागे कोण, पुढे कोण. बारा आपल्या तेराला शोधायची, तेरा आपल्या बाराला. अर्ध्या तासात गल्ल्या उभ्या राहिल्या. मी आनंदानं मोठ्यानं काहीतरी बोलले असेन. त्यांनी हात वर केला.

"छपन्न म्हणतंय पुढं सत्तावन्न. अठ्ठावन्न म्हणतंय मागं सत्तावन्न." ते माझ्याकडे बघायला लागले. "सत्तावन्न कुठं हाय?"

आम्ही परत सगळं रान पाहिलं. नव्हती.

"कोण होतं सत्तावन्नला?"

छपन्न आणि अठ्ठावन्नच्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या, आणि सत्तावन्नची पेशकारांनी लिहिलीच नव्हती, म्हणजे तीही माझीच. विहिरीवरच्या. मी डोळे मिटले. चाळीस तोंडं, चाळीस घागरी. एकही सत्तावन्न मला आठवेना. बाई होती एवढं नक्की, कारण विहिरीवर मी बाईशिवाय कुणाचं लिहिलंच नव्हतं. पण कोण? इतकी शरम मला आयुष्यात क्वचित वाटली असेल. एका बाईनं सकाळी धीर करून मला नाव सांगितलं होतं आणि ते माझ्याजवळ दुपारपर्यंतही टिकलं नव्हतं.

"परत जाऊ," पेशकार म्हणाले आणि चालायलाही लागले. बोडक्यानं, उन्हात.

मी मागून ओरडले, "मुदत परवा आहे! अजून सगळं उतरवायचंय!"

"म्हणूनच म्हणतो, भरभर चला."

दीड कोस पुन्हा. ते पुढे, मी मागे. गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. छपन्नच्या दारात एक धट्टाकट्टा माणूस कडबा तोडत होता.

"सत्तावन्न कोणतं घर?" पेशकारांनी विचारलं.

"सत्तावन्न न्हाई इथं," तो म्हणाला. "हे माझं छपन्न. ते चुलत्याचं अठ्ठावन्न. मधी कुणी न्हाई."

"कागद म्हणतोय हाय."

"कागदाचं काय घेऊन बसलाव? मी इथं जलमलो. मधी कुणी न्हाई म्हणलं की न्हाई."

चुलताही आला, त्यानंही तेच सांगितलं. पेशकार वाद घालत बसले नाहीत. ते दोन घरांच्या मधल्या बोळात शिरले. बोळ कचऱ्यानं आणि शेणकुटांनी भरलेला, आम्ही वाट काढत मागे गेलो. मागे ओढ्याच्या काठाला चार मेढी आणि वर पाचट घातलेलं एक खोपट होतं. दार नव्हतं, म्हणून कोतवालानं गेरूचा आकडा समोरच्या दगडावर घातला होता. सत्तावन्न.

छपन्नवाला मागून येऊन म्हणाला, "ही व्हय? ही घरात धरायची नसती. नवऱ्यानं टाकलेली हाय. तिचं नाव तिच्या नवऱ्याच्या गावाला लागंल."

"नवऱ्याच्या घरी कोण हाय?"

"दुसरी हाय की तिथं."

थोड्या वेळानं ती आली. डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा, मागे एक शेळी. तिला पाहिल्याबरोबर मला आठवलं. विहिरीवर सगळ्यांच्या शेवटी आली होती, घागर नसताना. नुसती नाव सांगायला.

मला बघून तिनं भारा टाकला. "काय झालं बाई? कापलं का महं नाव?"

पेशकारांनीच सांगितलं. सुतळी, वावटळ, मोटार, सगळं. चूक स्वतःवर घेतली. सुतळी नवीन घ्यायला पाहिजे होती.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकदा सांगायला लय जीव गोळा करावा लागला बघा. आठ वर्सं झाली, कुणी इचारलं न्हाई. सकाळी सांगितलं आन दिवसभर रानात हलकं हलकं वाटत हुतं. आन तुमी म्हणता उडून गेलं."

तेव्हा पेशकार बसले. तिथेच, दगडाशेजारी, मातीत. दोन्ही हात जोडून म्हणाले, "परत एकदा सांगा. मी बसून लिहितो."

ती छपन्नवाल्याकडे बघत होती. तो तिथेच उभा होता, चुलताही. बोळाच्या तोंडाशी आणखी दोघं-तिघं जमले होते. मला वाटलं ती आत निघून जाणार. तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि विहिरीवर कुजबुजली होती त्याच्या चौपट आवाजात म्हणाली, "केवळबाई. बापाचं नाव लिवा, नवऱ्याचं नगं." आणि बापाचं नाव सांगितलं. वय विचारलं तर म्हणाली, "महापूर आला तवा मी रांगत हुते, त्याच्यावरनं करा हिशोब."

पेशकारांनी लिहिलं. उर्दूत त्यांचा हात वाऱ्यासारखा चालायचा, पण ही चिठ्ठी त्यांनी बाळबोधीत लिहिली, पहिलीतल्या पोरासारखी, जीभ बाहेर काढून. वेलांट्या विचारत होते. ती उभ्या उभ्या त्यांच्या हाताकडे बघत होती. लिहून झाल्यावर म्हणाली, "वाचा की." त्यांनी वाचलं. "आणखी एकदा," ती म्हणाली. त्यांनी परत वाचलं.

दुसऱ्या दिवशी दिवसभर मी उतरवत होते आणि ते माझ्याभोवती फेऱ्या मारत चिठ्ठ्या वाचून दाखवत होते. मुदतीच्या आत यादी गेली. आमच्या गावांत नावाशिवाय एकही बाई नव्हती.

गिरदावरांच्या वहीतल्या नावाशिवायच्या बायकांवर लाल शाईच्या रेघा ओढलेल्या होत्या. पेशकार त्यांच्याकडे मुदतीआधी गेले होते. मी समोर होते. म्हणाले, "दोन गावं मला द्या, मी आणि बाई जाऊन येतो." गिरदावरांनी वही उघडून दाखवली. शांतपणे म्हणाले, "पण घालू कुठं, पेशकारसाब? जागा कुठंय?" आणि खरंच नव्हती. एवढं सुबक अक्षर, आणि दोन ओळींच्या मधे नख शिरायला जागा नाही.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक केवळबाईच्या गावाला होती. ती सकाळी पहिल्या रांगेत होती. नाव पुकारलं तेव्हा तिनं "हाय" म्हटलं, आणि आत जाऊन आली, आणि शेळीला घेऊन रानात गेली. एवढंच. मला वाटलं होतं ती काही बोलेल, माझ्याकडे बघेल. तिला काम होतं.

संध्याकाळच्या आत मी शेजारच्या, गिरदावरांच्या यादीतल्या गावावरून परत येत होते. शाळेच्या बाहेर लिंबाखाली बायकांचा घोळका. सकाळपासून रांगेत उभ्या राहून यादीत नाव नाही म्हणून परत फिरवलेल्या. काही रागावलेल्या, काही नुसत्या उभ्या. पुरुष त्यांना घरी चला म्हणत होते. आणि त्यांच्यामधून येरझारा घालत पेशकार. त्यांची नेमणूक तिथे नव्हतीच, कुठून कळलं कुणास ठाऊक. हातात कोऱ्या चिठ्ठ्या. एकेकीला विचारत होते आणि लिहीत होते.

मी म्हटलं, "आता लिहून काय उपयोग? पेट्या बंद झाल्या."

"ही यादी बंद झाली," ते म्हणाले. "पुढची व्हायचीय."

"पुढची पाच वर्षांनी."

"मग काय झालं? ह्या कुठं जायच्यात?"

एक म्हातारी त्यांना म्हणाली, "आता गर्दी कशाला करायलाव, म्हाराज? झालं ते झालं."

"झालं न्हाई," ते म्हणाले. "नाव सांगा."

त्यांचं पुढचं फारसं बरं झालं नाही. सगळा कारभार मराठीत आला आणि जुन्या कारकुनांची मराठीची परीक्षा घ्यायचं ठरलं. पेशकार बोलायचे ती मराठीच, पण लिहायला लागले की हात अडायचा. पहिल्या खेपेला नापास झाले. शाळा सुटल्यावर ते माझ्याकडे यायचे, फळ्यापुढे उभे राहून बाराखडी गिरवायचे. ऱ्हस्व-दीर्घावरून माझ्याशी भांडायचे. दुसऱ्या खेपेलाही नापास झाले. तिसऱ्या खेपेला बसलेच नाहीत. नोकरी सोडून लेकीकडे चुडाव्याला गेले. जाताना लिंबाखाली लिहिलेल्या त्या गावच्या चिठ्ठ्या, नव्या सुतळीत ओवून, तहसिलात रीतसर पोच घेऊन देऊन गेले. वर्षभरानं कळलं की तापानं गेले. चुडाव्याहून पत्र त्यांच्या बायकोचं होतं. दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेलं, चार ओळींचं.

पुढच्या निवडणुकीच्या आधी यादीचं काम निघालं आणि मला परत बोलावणं आलं. मी पहिल्यांदा तहसिलात जाऊन त्या चिठ्ठ्या मागितल्या. नवीन कारकुनानं दोन दिवस शोधलं. मग म्हणाला, बाई, जुने उर्दू फॉर्म सगळे रद्दीत काढले, त्यांच्याच पाठीवर असतील तर गेलं ते. त्याचा काही दोष नव्हता. छापील बाजू वर होती, त्यानं ती पाहिली. मी पोचपावती बघितली, तीही जागेवर होती, सहीशिक्क्यानिशी.

मी त्या गावाला एकटीच गेले. मनात सारखं चाललं होतं की या बायकांना काय सांगू. एकदा रांगेत उभं करून परत फिरवलं, दोनदा विचारलं, आणि आता तिसऱ्यांदा.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी तूर पाखडत होती. मी पिशवी खाली ठेवली, कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या. तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "यादीचं हाय ना? ते म्हातारबाबा आले न्हाईत?"

"न्हाईत," मी म्हटलं. "ते वारले."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"लई येरझारा घालायचं," ती म्हणाली. मग पदरानं हात पुसले. "तुमी दारोदार हिंडू नगा उन्हाचं. इथं बसा. ह्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांची नावं मला ठावं हायती. मी सांगते, तुमी लिवा."

तिनं आपलं सांगितलं. मग थोरल्या सुनेचं सांगितलं. मग धाकट्या सुनेचं सांगायला तोंड उघडलं, तर आतून चुलीपुढून आवाज आला.

"थांबा आत्याबाई. महं मी सांगते."